टॅबलेटची विक्री दहा-बारा वर्षांपूर्वीइतकी राहिलेली नाही, मग आता टॅब घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण तो कशासाठी हवा हे आधी पक्कं ठरवा.

विक्री घटली म्हणजे वस्तू बिनकामाची झाली असं नाही. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा आयफोनचा स्क्रीन साडेतीन इंचांचा होता. आज बहुतेक फोन साडेसहा इंचांच्या आसपास आहेत, त्यामुळे टॅबची बरीच कामं फोनवरच उरकतात. शिवाय टॅब घरातच असतो, फोनसारखा पडत-आपटत नाही, वर्षानुवर्षं चालतो. मग नवा घ्यायची वेळच लवकर येत नाही.

आम्ही सांगलीत २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला. शाळा पुन्हा भरली, पण टॅब कपाटात गेला नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ती त्यावरच उघडते. अख्खं पान एका नजरेत दिसतं, फोनवर तेच इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. आणि माझे वडील! मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं वाचन जवळजवळ सुटलं होतं. आता ते रोज सकाळी अक्षरं मोठी करून पेपर वाचतात, तासगावच्या बागेसाठी हवामानही त्यावरच बघतात. माझ्या लेखी एवढ्यानेच पैसे वसूल झाले.

टायपिंग, एक्सेल, प्रोजेक्ट अशी कामं असतील तर मात्र लॅपटॉपच घ्या. टॅब घेतलात तर दहा इंची, किमान ४ जीबी रॅमचा घ्या आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे दुकानदाराला आधी विचारा.