गुहा बघायला निघण्याआधी

मेघालयला निघालायस, तर आपली कान्हेरी आधी डोक्यातून काढ. कान्हेरी माणसांनी छिन्नीने बेसाल्टात कोरली. तिकडच्या जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लिआत प्राह ही गुहा 30 किलोमीटरहून लांब आहे, आणि ती पाण्याने चुनखडक विरघळवून केली.

हे घरीच बघून जा. ठाण्यातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते ना, ती चुनखडकच. कोपऱ्यातल्या गुळगुळीत फरशीवर लिंबाचा थेंब टाक, तासाभराने पूस. झिलई गेलेली दिसेल, बोटाला खरखर लागेल. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि हजारो वर्षं खडकाच्या फटी रुंदावत राहतं. भूजलाची पातळी उतरली की पोकळीत हवा शिरते. मग उलटा खेळ: छताला लटकलेल्या थेंबातला वायू निघून जातो, चुना मागे राहतो, लवणस्तंभ, म्हणजे छतातून लोंबणारे दगडी सुळके, वाढू लागतात.

त्यांना हात लावू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. बोटांचा तेलकटपणा बसला की तिथे थर नीट धरत नाही. आणि पावसाळ्यात आत शिरायचंच नाही, पाणी बघता बघता चढतं.