मेन पाडला होता, मग टीव्ही गेला कसा?

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे वळीव आला. गडगडायला लागल्याबरोबर मी मेन स्विच पाडला. थोड्या वेळाने शेजारच्या आगरात माडावर वीज पडली. नंतर लाइट चालू केली तर टीव्ही, डिशचा सेटटॉप बॉक्स आणि इंटरनेटचा राउटर, तिन्ही गार. फ्रिज आणि पंखे मात्र शाबूत. टीव्ही चांगल्या स्पाइक गार्डवर होता. मेन बंद असताना हे झालं कसं? घरावर तांब्याचा दांडा बसवून घेऊ का?
— एक निवृत्त शिक्षक, राजापूर तालुका

उत्तर : गुरुजी, काय गेलं आणि काय वाचलं याची यादी तुम्हीच दिलीत, निम्मं उत्तर त्यातच आहे. फ्रिजला आणि पंख्याला एकच वायर जाते, लाइटची. ती तुम्ही मेन पाडून तोडली होती. सेटटॉपला छपरावरच्या डिशची वायर येते, राउटरला रस्त्यावरच्या खांबावरून इंटरनेटची वायर येते. या दोन्ही वायरींचा मेन स्विचशी काही संबंध नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर असे बॉक्स मी दर पावसाळ्याच्या तोंडावर उघडतो. डिशची वायर जिथे पिळून बसवतो, त्या पितळी तोंडामागे काळा डाग असतो आणि तिथली तांब्याची रेघ सर्किटच्या पट्टीवरून उडालेली असते. पॉवर सप्लायचा फ्यूज मात्र धडधाकट! घाव लाइटकडून आला असता तर सहसा आधी तो गेला असता. डिशकडून आलेला झटका बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत शिरतो. तुमचा टीव्ही राउटरला वायरीने जोडलेला असेल, तर तिथून राउटरमध्ये आणि परत खांबाकडे. डिशपासून खांबापर्यंत सरळ रस्ता, आणि मधे तुमचा टीव्ही.

वीज तुमच्या घरावर पडलीच पाहिजे असं नाही. माडातून हजारो अँपिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत जमिनीत उतरतो, तेव्हा आसपासच्या लांब वायरींत नुसत्या चुंबकीय परिणामाने व्होल्टेज तयार होतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एमसीबी, म्हणजे बोर्डातली आपोआप पडणारी खटकी, पडायला त्याच्या हजारो पट वेळ लागतो, म्हणून ‘एमसीबी का नाही पडली?’ असं वायरमनला विचारू नका, बिचारा उगाच ओशाळतो.

स्पाइक गार्डच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी, बऱ्याचदा त्याहूनही लहान, एक चकती असते. जास्तीचं व्होल्टेज आलं की ती ते वळवते. दर झटक्याला ती थोडी थोडी झिजते आणि एक दिवस मरते. स्वस्त गार्डातला दिवा तरीही लागलेलाच असतो. शिवाय वळवायला अर्थिंग लागतं. तिसरी पिन कापून टू-पिनमध्ये घुसवलेला गार्ड म्हणजे जवळजवळ नुसता एक्स्टेन्शन बोर्ड.

आता आपल्याकडची खरी गोम. जांभ्यात पावसाळ्यात अर्थिंग झकास लागतं आणि मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत असतो. वळिवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात. एप्रिलपासून खड्ड्यात आठवड्याला दोन-चार कळशा पाणी ओता. कोळसा-मीठ घालून बरीच वर्षं झाली असतील तर पट्टी उकरून बघा, गंजून तुटलेली निघते. वायरमनला अर्थिंग तपासायचं मीटर लावून त्याचा रेझिस्टन्स मोजायला सांगा, तोही मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मोजलेल्या आकड्यावर जाऊ नका.

मग मेन बोर्डात एसपीडी बसवा, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. घरासाठी टाइप २ चा चालतो. छोट्या खिडकीत हिरवं दिसतं, निकामी झाला की बहुतेकांत लाल होतं. त्याच्या वायरी आखूड आणि सरळ हव्यात, सगळी लांबी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वेटोळी करून सोडलेली वायर बघितली की माझं डोकं फिरतं, कारण त्या वेटोळ्यातच व्होल्टेज अडतं आणि टीव्हीकडे वळतं.

आता छपरावरच्या तांब्याच्या दांड्याचं. दांडा घर वाचवतो. भिंत तडकणं, आग लागणं टळतं. टीव्ही तो वाचवत नाही, उलट तेवढा प्रवाह घराच्या कडेनेच खाली उतरतो. दांडा बसवलात तर एसपीडी बसवावाच लागेल, त्या कामासाठी टाइप १ चा.

एवढं सगळं करूनही भरवसा एकाच गोष्टीचा: पिन उपसा. भिंतीतलं बटण फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडतं; न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, जोडलेलीच राहते. डिशची वायर पिळून काढा, इंटरनेटचीही काढा आणि त्यांची टोकं टीव्हीपासून हातभर लांब ठेवा. हे मात्र मळभ दाटायला लागताच करायचं. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा वायरीला हात लावू नका, टीव्ही गेला तर जाऊ दे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा, जवळपास वीज असेल तर ते सांगतं.

तुमचा टीव्ही मात्र लगेच भंगारात घालू नका. साधी लाल दिवी तरी लागते का बघा. लागत असेल तर बहुतेक एचडीएमआयचंच तोंड गेलं असेल, दुसऱ्या तोंडावर चालवून बघा.

प्रश्न : वीजबीज काही पडली नाही, स्वच्छ दुपार होती. अचानक ट्यूब डोळे दिपवतील अशी पेटली, पंखा भन्नाट सुटला, आणि पाच मिनिटांत चार्जर, टीव्ही, फ्रिज गेले. समोरच्यांकडे त्याच वेळी बल्ब मिणमिणत होता.
— एक गृहिणी, बार्शी

उत्तर : ताई, तुमची दोघांची सामायिक न्यूट्रल तुटली होती. तुम्ही आणि समोरचे वेगवेगळ्या फेजवर. न्यूट्रल गेली की दोन घरं एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले जवळजवळ ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ज्याच्या घरी लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. तुमच्याकडे दुपारी एक पंखा न् एक ट्यूब, समोर बहुधा गिझर नाहीतर इस्त्री. इथे एसपीडी कामाचा नाही, मिनिटभर चाललेल्या जादा व्होल्टेजमध्ये तो स्वतःच भाजतो. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो सगळं घर तोडतो. आणि पुन्हा ट्यूब अशी पेटली तर कारण शोधत बसू नका, आधी मेन पाडा.

प्रश्न : मोबाइल चालू असला की वीज त्याच्याकडे ओढली जाते का?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : नाही. मोकळ्या रानात तू उभा आहेस ही अडचण, खिशातला मोबाइल नव्हे. घरात चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला धरू नकोस. तिथे भानगड चार्जरच्या वायरीची आहे.