'हाउंड-कर क्रॉस'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या रानडुकरांच्या शिकारीवरच्या एका व्हिडिओला मराठी सबटायटल्स करायचीयत, त्यात "हाउंड-कर क्रॉस" सारखं येतं. डिक्शनरीत कर (cur) म्हणजे भटकं, हलकं कुत्रं असं दिलंय, म्हणून "शिकारी कुत्रा आणि गावठी कुत्रा यांचा संकर" असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. हे वाचून मराठी माणसाला वाटेल की चांगल्या जातीच्या कुत्र्यात रस्त्यावरचं कुत्रं मिसळलं, आणि तिथले शिकारी तर दोन्ही बाजू पारखून घेतात. डिक्शनरीतला अर्थ खोटा नाहीये पण तो शहरातला, शिवीतला अर्थ आहे. टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, फ्लोरिडा या दक्षिणेकडच्या राज्यांत कर हा कामाच्या कुत्र्यांचा एक अख्खा गट आहे. ब्लॅक माउथ कर, माउंटन कर ही त्यातली नावं, आणि कॅटाहुलालाही बरेच जण करच म्हणतात, जो १९७९ पासून लुइझियानाचा अधिकृत राज्यश्वान आहे. राज्याने मानाने मिरवलेल्या कुत्र्याला आपण गावठी म्हणून कसं चालेल? पूर्वी तिथे गुरं आणि डुकरं मोकळी जंगलात चरायला सोडलेली असायची, मालकी ओळखायला कानाला खाचा पाडलेल्या, आणि ती शोधून, अडवून, वळवून आणायचं काम या करांचं, शिवाय घर राखायचं आणि खारी आणि रॅकून (मांजराएवढा रानटी प्राणी) यांना पळवून झाडावर चढवायचं तेही यांनीच.

शब्द आला कुठून तर बहुतेक गुरगुरण्यावरून, जुन्या नॉर्स भाषेत कुर्रा म्हणजे गुरगुरणं, कुरकुरणं. म्हणजे मुळात हा आवाजाचा शब्द आहे, रक्ताच्या भेसळीचा नाही. शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात कुत्र्यांच्या प्रकारांची एक यादी येते, त्यात हाउंड, मॉन्ग्रेल (मिश्र जातीचं कुत्रं) आणि कर तिन्ही वेगवेगळे मोजलेत, तेव्हा कर म्हणजेच मिश्र जातीचं असं समीकरण तेव्हाही नव्हतं.

हाउंडची गोष्ट तर आपल्या जवळची आहे. जुन्या इंग्रजीत हुंड म्हणजे नुसतं कुत्रं, जर्मनमध्ये अजून तेच, नंतर इंग्रजीत डॉग शब्दाने ती जागा घेतली आणि हाउंड शिकारीपुरता उरला. हा हुंड आणि संस्कृतातला श्वन् एकाच मुळाचे, त्यामुळे आपला श्वान, जुन्या मराठीतलं सुणें आणि गोव्यात आजही रोज कानावर पडणारं कोंकणी सुणें ही सगळी हाउंडची लांबची भावंडं. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं.

आता क्रॉस कशाला करतात हे कळलं की भाषांतर आपोआप सुटेल. स्पॅनिश हर्नांडो दे सोतोने १५३९ मध्ये फ्लोरिडात डुकरं आणली, पुढे वसाहतवाल्यांची सुटलेली, शिकारीसाठी युरोपातून आणलेली रानडुकरं, सगळी मिसळून आता तिथे लाखोंनी डुकरं झालीयत आणि शेताची पार वाट लावतात. हाउंडचं नाक जबरदस्त, कित्येक तासांपूर्वीचा शिळा माग तो उचलतो आणि सोडत नाही. प्लॉट हाउंड तर अस्वल आणि रानडुकरासाठीच वाढवलेला, जर्मनीतून आलेल्या प्लॉट घराण्याचा. पण हाउंडची खोड म्हणजे माग लागला की तो लगेच हेल काढून ओरडायला लागतो, डुक्कर ते ऐकतं आणि मैलोगणती पळतं. कर उलटा, मागावर बहुधा तोंड मिटून धावतो आणि डुक्कर समोर दिसलं की मगच भुंकतो, शिवाय वाजवीपेक्षा लांब जात नाही, माग मिळाला नाही तर मालकाकडे परत येतो. नाक मात्र बऱ्याचदा हाउंडइतकं तिखट नाही. म्हणून हाउंडचं नाक आणि चिकाटी हवी, पण करचं गप्प राहणं आणि आटोपशीर धावणंही हवं, यासाठी हा खटाटोप. आणि हे दोन अधिक दोन चार असं होत नाही, एकाच वेतातलं एक पिल्लू गप्प निघतं आणि दुसरं पूर्ण हाउंडसारखं बोंबलत जातं, त्यामुळे बरेच जण पहिल्या क्रॉसवर थांबत नाहीत, ते पुन्हा करशी जोडतात म्हणजे पाव हिस्सा हाउंड उरतो.

मग मराठीत काय लिहायचं? मी "हाउंड आणि कर जातींचा क्रॉस" असंच ठेवीन, संकर लिहिलंत तरी बरोबरच आहे पण कुत्री पाळणारे सगळे क्रॉसच म्हणतात. नुसतं "हाउंड-कर" मात्र लिहू नका, आपला डोळा ते आडनावासारखं वाचतो, चिपळूणकर सातारकर तसं. एकटं "कर" तर टॅक्स होतं नाहीतर आज्ञार्थ. त्यामुळे पहिल्यांदा "कर जातीचा कुत्रा" लिहा, मग पुढे "कर कुत्रा" पुरेल. ब्लॅक माउथचंही भाषांतर नको, तिथे फक्त ओठांभोवतीचा आणि तोंडाच्या आतला काळा रंग अभिप्रेत आहे आणि आपल्याकडे काळं तोंड म्हटलं की वेगळंच काही डोक्यात येतं.

त्याच व्हिडिओत "बे" आणि "कॅच" हे दोन शब्दही नक्की येतील. बे करणं म्हणजे नुसतं भुंकणं नाही, डुकराच्या समोर उभं राहून, त्याच्या सुळ्यांपासून अंतर राखून भुंकत त्याला जागीच अडकवायचं, तेव्हा "भुंकून रोखून धरणं" लिहा. कर, हाउंड आणि त्यांचे क्रॉस हे मुख्यतः हेच काम करतात. कॅच डॉग वेगळा, तो बहुधा बुलडॉग किंवा पिटबुल, त्याला जाड जॅकेट घालून दोरीला धरून ठेवतात आणि डुक्कर रोखलं गेलं की मगच सोडतात, तो थेट कानाला धरतो. त्याला "धरणारा कुत्रा" म्हणा, "पकडकुत्रा" वगैरे नवीन शब्द बनवायला जाऊ नका.