दाढ किडली आहे, दवाखान्यात लेझर सुचवतात. करावं का?

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ किडलीय, ड्रिलच्या नुसत्या आवाजानेच तुमच्या अंगावर काटा येतो आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ‘लेझरने करू, दुखणार नाही, इंजेक्शनही नको’ असं सांगितलंय. तुमच्या दाढेवर येतोच, पण आधी माझ्या हिरड्या.

मी वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालो. राहतो गोव्यात फोंड्याजवळ, आणि गावच्या जत्रेच्या नाटकात गेली २६ वर्षं खलनायक करतो. खलनायकाला हसावं लागतं, तेही तोंड उघडून, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचेल असं. काही वर्षांपूर्वी माझ्या वरच्या पुढच्या दातांमधली हिरडी वाढायला लागली. दोन दातांच्या फटीत भिजवलेल्या शेंगदाण्याएवढे गोळे. ब्रश केला की बेसिन लाल. तालमीत दिग्दर्शक म्हणाला, ‘तू हसतोस तेव्हा दात कुठे जातात रे?’

माझ्या मेव्हण्याचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून दुसऱ्यांच्या तब्येतीवर मत द्यायला त्याला भरपूर वेळ मिळतो. तो म्हणाला, ‘लेझर-बिझर सगळे पैसे उकळायचे धंदे. बांबोळीला जा, ब्लेडने कापून देतील.’ बांबोळीचं दंत महाविद्यालय १९८० पासूनचं, तिथे जायला काहीच हरकत नव्हती. पण मेव्हण्याने सांगितलं म्हणून मी गेलो नाही. काचेच्या दाराच्या एका एसी दवाखान्यात गेलो. सहा दातांच्या हिरड्या, १८,००० रुपये.

आता खरं सांगतो, काम झकास झालं. इंजेक्शन दिलंच, त्याशिवाय करतात हे डोक्यातून काढा. डोळ्यांना जाड काळा चष्मा, डॉक्टरला आणि मदतनीस मुलीलाही. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, त्याला केसासारखी बारीक काचेची तार. डॉक्टरने तारेचं टोक आधी बुचावर घासून काळं केलं. फेणीच्या बाटलीला असतं तसलं बूच! टोक काळं झालं की ते तापतं आणि तापलेलं टोक हिरडी कापतं. मी विचारलं, किती वॅट? म्हणाले, दीड. मला हसू आलं, कारण आपला झिरोचा बल्बसुद्धा १५ वॅटचा असतो. पण दीड वॅट त्या एवढ्याशा टोकावर गोळा केला की काय होतं ते वासावरून कळलं. केस जळल्यासारखा वास, धूर ओढून घ्यायला नळी लावलेली. रक्त जवळजवळ नाहीच. टाका नाही. संध्याकाळी उकड्या तांदळाची पेज खाल्ली, आठ दिवस हुमण (आमची माशांची आमटी) आणि सोलकढी बंद, नवव्या रात्री रंगमंचावर उभा राहिलो आणि असा हसलो की मागचा पडदा हलला. मेव्हणा पहिल्या रांगेत होता.

आठ महिन्यांनी हिरडी परत वाढली.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, मेव्हण्याचं एकच पालुपद, ‘लेझर फेल गेला.’ बारशाला, श्राद्धाला, चवथीला. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर मला गप्प बसवेना.

नंतर फोंड्यातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तोंड उघडायलाही सांगितलं नाही, आधी विचारलं, ‘बीपीची गोळी कुठली?’ मी म्हटलं, अ‍ॅम्लोडिपिन. ‘मग बरोबर.’ त्या गोळीने काही जणांच्या हिरड्या वाढतात. फिट्सवरच्या फेनिटॉइनने वाढतात, किडनी बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिनने वाढतात. दंतवैद्यकाच्या पुस्तकात असलेली, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. १८ हजारांच्या दवाखान्याने माझे सहा कोनांतून फोटो काढले, हा एक प्रश्न विचारला नाही. झाडाच्या फांद्या तारांना लागतात म्हणून आम्ही दर पावसाळ्याआधी छाटायचो, त्या परत वाढायच्या. म्हणून कोयता फेल गेला असं खात्यात कुणी म्हटलं नाही.

फिजिशियनने गोळी बदलून दिली. चार-पाच महिन्यांत निम्मी सूज आपोआप उतरली. उरलेली बाईंनी साध्या ब्लेडने छाटली. म्हणजे एकाच तोंडात मी दोन्ही प्रकार भोगलेत. ब्लेडला रक्त बरंच आलं, वर आठवडाभर गुलाबी लगदा चिकटवून ठेवला, आणि तालमीत माझा ‘श’ सगळीकडे ‘स’ झाला. ‘सिरच्छेद करा’ म्हटल्यावर पोरं हसून लोळली. पण महिन्याभराने आरशात बघितलं तर काम तितकंच साफ. खर्च निम्म्याहून कमी.

आता तुमची दाढ. पहिला प्रश्न विचारा, तुमच्याकडे लेझर कुठला आहे? माझ्यावर वापरला तो डायोड. तो रंगाकडे खेचला जातो, रक्ताकडे, हिरडीकडे. दात त्याने कापता येत नाही. बऱ्याच दवाखान्यांत डायोडच असतो, कारण तो त्यातल्या त्यात स्वस्त. कीड काढायला एर्बियमचा लेझर लागतो. तो दातातलं पाणी क्षणात उकळवतो आणि बारीक कण फुटून निघतात, टकटक आवाज येतो, ड्रिलसारखी थरथर नसते. ते यंत्र महागडं. दातांसाठी अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली आणि पहिला लेझर १९६० चा, तेव्हा ‘अगदी नवीन तंत्रज्ञान’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

एर्बियम असेल आणि कीड लहान असेल तर घाबरणाऱ्या माणसाने जरूर करून घ्यावं. पुष्कळांना इंजेक्शन लागत नाही, पण लागणारच नाही ही हमी कुणी देऊ नये. वेळ ड्रिलपेक्षा जास्त जातो. दाढेत जुनं चांदीचं सिमेंट असेल तर ते लेझरने काढत नाहीत, त्यात पारा असतो आणि तापून त्याची वाफ निघते. कीड खोल जाऊन कॅप बसवायची वेळ आली तर शेवटी ड्रिल आहेच. आणि पाण्याचा फवारा नीट नसेल तर दाताच्या आतली नस भाजते. पाच-सहा अंशांची वाढसुद्धा तिला सोसत नाही.

‘लेझर रूट कॅनल’ हा शब्द ऐकलात तर समजा, सुया आणि फाइली त्याच, लेझर फक्त आतली सफाई करायला जोडीला. दात पांढरे करायचा लेझर म्हणजे काम औषधाचं आणि श्रेय दिव्याला. हिरड्यांच्या खोल सफाईत लेझर जोडून फार काही वाढीव मिळत नाही. जिथे तो खरंच सुरीपेक्षा सरस आहे ती कामं म्हणजे मऊ मांसाची: जीभ किंवा ओठ बांधून ठेवणारा पडदा, अक्कलदाढेवरची कातडी, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांची छाटणी. तोंड आल्याचे फोड त्याने लवकर शांत होतात असंही बाई म्हणाल्या. तेवढ्यासाठी जास्त पैसे मी पुन्हा देईन. आणि हो, काही ठिकाणी विजेच्या तारेने जाळतात त्यालाही पेशंट लेझर म्हणतो. चष्मा दिला नाही तर विचारा.

मी डॉक्टर नाही हे आधीच लिहायला हवं होतं. बीपीची गोळी माझं वाचून बंद करू नका, ज्याने दिली त्यालाच विचारा. त्या १८ हजारांच्या डॉक्टरचा हातही चांगला होता, ते नाकारत नाही.

मेव्हणा अजून ऐकत नाही. तोही अ‍ॅम्लोडिपिन घेतो, माझ्याआधीपासून, आणि त्याच्या हिरड्या ठणठणीत आहेत. म्हणजे गोळीचं निमित्त खोटं, लेझरच फेल, असं त्याचं गणित. मी त्याला ठणकावतो की सगळ्यांना होत नाही. बाईंनी मला आणखी एक सांगितलं होतं, दातांवर घाण साचलेली असेल तर ही वाढ जास्त होते. तो रात्रीही ब्रश करतो. मी तेव्हा सकाळीच करायचो. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.