सिरियलायझेशन म्हणजे क्रमवारी नव्हे

वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर विभागलेल्या, डेटाबेसच्या क्लायंट लायब्ररीची (त्या डेटाबेसशी बोलण्यासाठी प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडची) माहितीपुस्तिका मराठीत आणताना ‘बायनरी ऑब्जेक्ट सिरियलायझेशन’ यातील शेवटच्या शब्दासाठी ‘क्रमवारी लावणे’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते तो चालणार नाही. क्रमवारी म्हटले की लहानमोठे ठरवून लावलेला क्रम डोळ्यांपुढे येतो, आणि डेटाबेसच्या संदर्भात हा शब्द ‘सॉर्टिंग’साठी आधीच रुळलेला आहे, एकाच पानावर दोन्ही अर्थ आले तर वाचकाचा गोंधळ ठरलेलाच.

येथे ‘सिरियल’ म्हणजे एकापाठोपाठ एक. प्रोग्रॅमच्या स्मृतीत एखादी वस्तू (ऑब्जेक्ट, म्हणजे एकत्र हाताळायच्या माहितीचा संच) बहुधा सलग नसते. ग्राहकाची नोंद एकीकडे, त्याचा पत्ता दुसरीकडे, आणि दोहोंना जोडणारा केवळ एक निर्देश, म्हणजे स्मृतीतील जागेचा उल्लेख, असतो. तो निर्देश दुसऱ्या संगणकावर निरर्थक ठरत असल्यामुळे, पाठवण्यापूर्वी सगळे बाइट एका सरात ओवावे लागतात. हेच सिरियलायझेशन.

अपाची इग्नाइट या वितरित डेटाबेसचे उदाहरण घेऊ. त्याच्या द्विमान (बायनरी) स्वरूपात ‘पुणे’ हा मजकूर पाठवताना आधी मजकुराची खूण म्हणून ९ हे मूल्य असलेला एक बाइट येतो, मग चार बाइटांत लांबी, आणि मग यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीतील अक्षरे: प, उकार, ण आणि मात्रा, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२. एकूण १७ बाइट झाले. मजकूर आकसला नाही, उलट वाढला. म्हणूनच काही जण सुचवतात तो ‘संकोचन’ (आकार लहान करणे) हा शब्दही मला सरळ चुकीचा वाटतो.

संपूर्ण वस्तूच्या आरंभी २४ बाइटांचे शीर्ष असते, त्यात प्रकाराचा ओळख-क्रमांक, एकूण लांबी वगैरे तपशील येतात, आणि शेवटी कोणते क्षेत्र (फील्ड, म्हणजे नाव, पत्ता यांसारखा वस्तूचा एक घटक) कोठे सुरू होते याचा तक्ता असतो. त्यामुळे सर्व्हरला पूर्ण वस्तू पुन्हा न उभारता हवे ते एकच क्षेत्र वाचता येते. सर न तोडता नेमका मणी हाती लागावा, तसे.

शालेय विज्ञानात विद्युत रोधांच्या ‘सिरीज’ जोडणीला आपण ‘एकसर जोडणी’ म्हणतो. तोच धागा धरून मी ‘एकसरीकरण’ सुचवेन. ‘अनुक्रमण’ अशुद्ध नाही, पण ‘अनुक्रमांक’ इतका अंगवळणी पडला आहे की वस्तूंना क्रमांक दिले जात असावेत असे वाटते. बाइटांच्या सरातून वस्तू परत उभी करण्याच्या उलट क्रियेसाठी ‘पुनर्बांधणी’ हा शब्द पुरेसा आहे. ‘विएकसरीकरण’ असले काही घडवू नये. वाक्य असे होईल: ‘क्लायंट वस्तूचे द्विमान स्वरूपात एकसरीकरण करतो आणि उत्तर आल्यावर, गरज असेल तरच, तिची पुनर्बांधणी करतो.’ पुस्तिकेत पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘एकसरीकरण, म्हणजेच सिरियलायझेशन’ असे लिहावे, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या तोंडी रोज तोच शब्द असतो.