लॉकडाऊनमध्ये गर्भनिरोधक साधनं मिळाली की नाही, हे एनएफएचएस-५ च्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीच्या) आकड्यांवरून महाराष्ट्रापुरतं सांगता येईल का? (एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधासाठी)

नाही. हे सर्वेक्षण दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्येच संपला. म्हणजे हे आकडे कोरोनाच्या आधीचे. दुसऱ्या टप्प्यातल्या उत्तर प्रदेश, राजस्थान, तमिळनाडूसारख्या राज्यांत काम मध्येच थांबलं आणि एप्रिल २०२१ पर्यंत चाललं. सर्वेक्षणावरचं ‘२०१९-२१’ हे लेबल बघून बरेच जण इथेच फसतात.

एचएमआयएसचे (आरोग्य सेवांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी माहिती प्रणालीचे) मासिक आकडे घेता येतील, पण जपून. तांबी बसवल्याची नोंद घटली म्हणजे गरज घटली असं नव्हे; केंद्र बंद असेल, नाहीतर आशाताई कोविडच्या घरोघर सर्वेक्षणात अडकल्या असतील. शिवाय खाजगी दवाखाने आणि मेडिकलमधून थेट घेतलेल्या गोळ्या तिथे पुरत्या येतच नाहीत.

फोनवर मुलाखती घ्यायच्या तर खरी अडचण वेगळीच. एनएफएचएस-५ नुसारच देशात स्वतः वापरायचा मोबाइल जेमतेम ५४ टक्के महिलांकडे होता. फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू, सासूबाई शेजारी. अशात गर्भनिरोधनाबद्दल काय डोंबल उत्तर मिळणार? म्हणून आधी ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ विचारा. प्रश्न असे बांधा की तिला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘दोन नंबर’ (म्हणजे दुसरा पर्याय) एवढंच बोलावं लागेल. कुणी खोलीत आलं तर विषय लसीकरणावर वळवायचा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. व्हॉट्सॲपवर विषयाचा उल्लेख असलेला मेसेज मात्र चुकूनही पाठवू नका.