मेटाक्रिटिकवर ७१ आणि स्टीमवर ९२ टक्के: यातला कोणता आकडा खरा मानायचा?

तुमचा प्रश्न असा की एकाच व्हिडिओ गेमला मेटाक्रिटिकवर (समीक्षकांचे गुण एकत्र करणारी साइट) ७१ आणि स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) ९२ टक्के असतील तर विश्वास कशावर ठेवायचा, आणि दहापैकी ७ मिळालेला गेम टाकाऊ समजायचा का. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. गेमर मंडळींची निम्मी भांडणं हे लक्षात न आल्यामुळे होतात.

आधी स्टीम. तिथे कोणी गुण देतच नाही. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढाच पर्याय. ९२ टक्के म्हणजे रिव्ह्यू लिहिणाऱ्या शंभरातल्या ९२ जणांनी 'घ्या' असं सांगितलं. किती आवडला, हे त्यात कुठेच येत नाही. हिशेब करून बघा. एका गेमला शंभर जण मनातल्या मनात साडेसहा देतात, पण 'ठीक आहे, घ्यायला हरकत नाही' म्हणून सगळेच अंगठा वर करतात. झाले १०० टक्के. दुसऱ्या गेमवर ७० जण फिदा आहेत, ते १० देतील. उरलेले ३० वैतागलेत, ते ३ देतील आणि अंगठा खाली करतील. स्टीमवर दिसणार ७० टक्के, पण गुणांची सरासरी निघते ७.९. नुसती टक्केवारी बघणारा माणूस पहिला, कोणालाच फारसा न भावलेला गेम उचलेल आणि दुसरा सोडून देईल.

टक्केवारीच्या शेजारची पाटीही ठरलेल्या हिशेबाने लागते. किमान ५० रिव्ह्यू आणि ८० टक्के असले की 'व्हेरी पॉझिटिव्ह'. ५०० रिव्ह्यू आणि ९५ टक्के असले की 'ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह'. ७० ते ७९ म्हणजे 'मोस्टली पॉझिटिव्ह'. आणि ४० पासून ६९ पर्यंत सगळंच 'मिक्स्ड'. ४१ टक्केवाला मोडका गेम आणि ६९ टक्केवाला, थोडा हट्टी पण चांगला गेम, दोघांच्या डोक्यावर एकच पाटी! त्यामुळे 'मिक्स्ड' वाचून पान बंद करू नका, त्यावर माउस नेऊन नेमका आकडा बघा.

शिवाय रिव्ह्यू लिहिणारे कोण, हेही महत्त्वाचं. एखादा किचकट ट्रेन सिम्युलेटर घेतात ते मुळातच त्या प्रकाराचे शौकीन असतात, म्हणून त्याला ९५ टक्के मिळणं सोपं आहे. फुकट खेळता येणाऱ्या गेममध्ये वाटेल तो शिरतो, दहा मिनिटं खेळतो आणि अंगठा खाली करून निघून जातो. मालिकेच्या दुसऱ्या भागाला किंवा डीएलसीला (मूळ गेमला जोडून नंतर येणारी भर) पहिला आवडलेलेच हात लावतात. म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या गेमची टक्केवारी एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच प्रकारातल्या, साधारण सारख्या किमतीच्या गेममध्ये तुलना केलीत तर ती थोडीफार उपयोगी पडते.

आता मेटाक्रिटिक. तिथला मेटास्कोअर समीक्षकांच्या गुणांवरून काढतात, आणि ती साधी सरासरी नसते. काही प्रकाशनांच्या (म्हणजे रिव्ह्यू छापणाऱ्या मासिकांच्या, साइट्सच्या) गुणांना जास्त वजन असतं आणि कोणाला किती, हे मेटाक्रिटिक सांगत नाही. (ओपनक्रिटिक हे अशाच प्रकारचं दुसरं संकेतस्थळ ठळक समीक्षकांची साधी सरासरी काढतं आणि किती टक्के समीक्षकांनी शिफारस केली हेही देतं, म्हणून मला ते वाचायला सोपं वाटतं.) खरी गडबड मात्र रूपांतरात होते. प्रत्येक प्रकाशनाची मोजपट्टी वेगळी असते, पण मेटाक्रिटिकला सगळं शंभरात बसवावं लागतं. पाच ताऱ्यांपैकी तीन म्हणजे ६०. अक्षरी श्रेणी असेल तर 'बी' म्हणजे ७५ आणि 'बी मायनस' म्हणजे ६७. लिहिणाऱ्याने तीन तारे 'चांगला आहे, काही उणिवा आहेत' अशा अर्थाने दिलेले असतात, पण त्याचे ६० झाले की वाचणाऱ्याला तो गेम आपटल्यासारखा दिसतो.

रंगांचंही तसंच. मेटाक्रिटिकवर गेमला हिरवा रंग मिळतो ७५ पासून, तर चित्रपटाला तो ६१ पासूनच मिळतो. म्हणजे ७१ गुणांचा चित्रपट हिरवा आणि ७१ गुणांचा गेम पिवळा. साइट एकच, आकडा एकच, पण नजरेला मिळणारा निकाल उलटा. तुमच्या ७१ ची अर्धी भीती त्या पिवळ्या रंगाची आहे.

मग ७ म्हणजे काय? ते कोणाचे ७ आहेत त्यावर अवलंबून आहे. आयजीएन या गेमिंग साइटच्या मोजपट्टीत ७ म्हणजे 'चांगला' आणि ५ म्हणजे 'सुमार'. एज मासिक पूर्वापार ५ हा खरोखर मधला आकडा धरत आलंय, म्हणून त्यांचे ७ हे भरघोस कौतुक असतं. फामित्सू या जपानी मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि ४० पैकी बेरीज छापतात. तिथे ३२ बघून नाक मुरडणारे लोक आहेत, कारण डोळ्यांसमोर पूर्ण ४० असतात. गेमच्या जगात बहुतेक गुण ६ ते ९ मध्ये गर्दी करतात, याला समीक्षक विकले गेलेत हे कारण नसतं. दरवर्षी हजारो गेम येतात. त्यातले मोडके, कच्चे गेम मोठी प्रकाशनं बहुधा रिव्ह्यूला घेतच नाहीत, आणि घेतलेला गेम त्या प्रकाराची आवड असलेल्या माणसाकडेच दिला जातो. गाळणी आधीच लागलेली असते, त्यामुळे ४ आणि ५ फारसे दिसत नाहीत. त्यावरून वाचकांनी '७ म्हणजे नापास' असा नियम करून टाकला. माझ्या मते हा गेमरांचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे. एका गोष्टीत उत्तम आणि दोन गोष्टींत कच्चे असलेले गेम याच पट्ट्यात सापडतात, आणि ती एक गोष्ट तुमच्या आवडीची निघाली तर असा गेम तुम्हाला ९२ वाल्या गेमपेक्षा जास्त आवडू शकतो.

आकडा कोणत्या तारखेचा आणि कोणत्या मशीनवरचा, हे तर लोक जवळजवळ बघतच नाहीत. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती, आणि त्या रिव्ह्यूंवरून पीसीचा मेटास्कोअर ८६ च्या घरात राहिला. ते बघून ज्यांनी पीएस४ (सोनीचं प्लेस्टेशन ४) साठी घेतला त्यांच्या हाती इतका अडखळणारा गेम आला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. पीएस४ चा मेटास्कोअर नंतर साठच्याही खाली गेला. ८६ चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या मशीनचा होता.

सिमसिटी या शहर वसवण्याच्या गेमचं उदाहरण याहून बोलकं आहे. मार्च २०१३ मध्ये पॉलिगॉन या गेमिंग साइटने त्याला बाजारात येण्याआधी ९.५ दिले. गेम बाजारात आला आणि सर्व्हर कोसळले. इंटरनेटशिवाय तो चालतच नव्हता. मग ९.५ चे ८ झाले, ८ चे ४ आणि पुढे ६.५. चार आकडे, गेम तोच. पहिला आकडा दिला तेव्हा सर्व्हरवर गर्दी नव्हती, म्हणून ऑनलाइन गेमचा बाजारात येण्याआधीचा स्कोअर मी हिशेबातच धरत नाही. आणखी एक मेख म्हणजे मेटाक्रिटिक प्रकाशनाने दिलेला पहिलाच गुण धरतं, नंतर तो बदलला तरी तिथे सहसा जुनाच राहतो. उलट बाजूही आहे: नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी त्याला धू धू धुतला, आणि वर्षानुवर्षांच्या अपडेटनंतर २०२४ मध्ये स्टीमवर त्याची एकूण पाटी 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाली. मेटास्कोअर मात्र २०१६ चाच आहे. कधीकधी रिव्ह्यू छापून झाल्यावर गेममध्ये पैशांचं दुकान उघडतं. क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड जून २०१९ मध्ये आला, आणि खऱ्या पैशांनी नाणी विकणं सुरू झालं ऑगस्टमध्ये. रिव्ह्यूत ते येणार कसं?

मेटाक्रिटिकचा यूजर स्कोअर पहिल्या महिन्यात बघूच नका. तिथे गेम विकत घेतल्याचा पुरावा लागत नाही. जून २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट २ बाजारात आल्यावर काही तासांत हजारो शून्यं पडली. तो संपवायलाच वीस तासांहून जास्त लागतात, म्हणजे बहुतेकांनी तो खेळलेला नव्हता. त्यानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमवर यूजर रिव्ह्यू लिहायला पहिले ३६ तास बंदी घातली.

पण रिव्ह्यू बॉम्बिंग (रागावलेल्या लोकांनी एकदम टाकलेली वाईट रिव्ह्यूंची लाट) दिसलं की सगळं खोटं म्हणून झटकून टाकणं ही दुसऱ्या टोकाची चूक. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ च्या पीसीवरच्या खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं. अनेक देशांत तसं खातं काढताच येत नाही. काही दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू आले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. त्या रिव्ह्यूंत गेमप्लेबद्दल चकार शब्द नव्हता, पण विकत घेणाऱ्याच्या कामाची माहिती होती. म्हणून लाट दिसली की दोन-चार रिव्ह्यू उघडून कारण वाचा. कारण तुम्हाला लागू पडत असेल तर ती लाट मोजा, नसेल तर सोडा.

एका गुणाच्या फरकावरून चालणारी युद्धं मला खरोखर खटकतात. झेल्डा मालिकेतल्या ट्वायलाइट प्रिन्सेसला २००६ मध्ये गेमस्पॉट या साइटने ८.८ दिले म्हणून लोक वर्षानुवर्षं चिडलेले होते. अनचार्टेड ४ ला एका वृत्तपत्राने कमी गुण दिले तर तो रिव्ह्यू मेटाक्रिटिकवरून काढून टाका म्हणून याचिका निघाली. कंपन्यांनीही हेच केलं: फॉलआउट न्यू वेगसच्या टीमचा बोनस ८५ मेटास्कोअरवर अडकवलेला होता, गेमला मिळाले ८४ आणि बोनस गेला. काही डझन माणसांच्या मतांची सरासरी, तीही गुप्त वजनाची. त्यात ८४ आणि ८५ मध्ये फरक आहे असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पाचेक गुणांचा फरक असेपर्यंत दोन गेम सारखेच धरावेत, असं मी म्हणेन.

आता तुमच्या ७१ आणि ९२ वाल्या गेमचं काय करायचं ते सांगतो. आधी मेटाक्रिटिकवर तुमचा प्लॅटफॉर्म (ज्या मशीनवर खेळणार ते) निवडा आणि सरासरी सोडून एकेक गुण बघा. सगळे ६५ ते ७५ मध्ये असतील तर गेम सपक असण्याची शक्यता जास्त. ९० आणि ५० असे दोन गट पडले असतील तर प्रत्येक गटातला एक रिव्ह्यू पूर्ण वाचा. तुम्ही कोणत्या गटात बसता ते तिथेच कळतं.

मग स्टीमवर एकूण टक्केवारीशेजारचा अलीकडचा, म्हणजे मागच्या ३० दिवसांचा आकडा बघा. एकूण ९२ आणि अलीकडचा ६० असेल तर नुकतंच काहीतरी बिघडलंय. रिव्ह्यूंचा आलेख उघडला की लाल पट्टी कोणत्या तारखेला वाढली ते दिसतं, आणि त्याच तारखेच्या आसपास बहुधा एखादं अपडेट सापडतं. त्यानंतर फक्त नकारात्मक रिव्ह्यू निवडा, खेळलेल्या वेळेचा फिल्टर किमान १० तासांवर ठेवा आणि आठ-दहा वाचा. कौतुकापेक्षा तक्रारी जास्त उपयोगी असतात, कारण त्या नेमक्या असतात. 'फार अवघड आहे', 'गोष्ट संथ आहे', 'एकट्याने खेळायला मजा नाही' या तक्रारी तुमच्यासाठी कदाचित गुणच ठरतील. 'दर तासाला क्रॅश होतो' किंवा 'सेव्ह फाइल उडाली' हे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं दिसलं तर मात्र आकडा काहीही असो, पुढच्या पॅचपर्यंत (चुका दुरुस्त करणाऱ्या अपडेटपर्यंत) थांबा.

एवढं करूनही शंका उरली तर स्टीमवर परतावा मिळतो: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर. त्या दोन तासांत तुमच्या मशीनवर फ्रेमरेट टिकतो का (म्हणजे चित्र न अडखळता चालतं का), कंट्रोल हाताला बसतात का आणि अक्षरं वाचता येतात का हे आधी तपासा, गोष्ट नंतर. मेन्यूवर गेम नुसता उघडा राहिला तरी तो वेळ मोजला जातो, त्यामुळे मध्ये उठायचं असेल तर बंद करून उठा.